इचोड्याची संख्या : प्रस्तावना

५०४३०७ ही मूळसंख्या आहे. १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला विभाजक नाही. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात, नागपूर–हैदराबाद महामार्गावरच्या इचोडा गावाचा हा पिनकोड. टपाल खात्याने तो देताना गावाची जागा पाहिली, विभाजक पाहिले नाहीत. तेव्हा तो मूळ निघाला हा निव्वळ योगायोग. उदाहरणासाठी मात्र अशीच, आपणहून समोर आलेली संख्या बरी. पाठ्यपुस्तकांत भेटणाऱ्या संख्या बहुतेक मुद्दाम निवडलेल्या असतात. त्यांचे गुण लेखकाला आधी ठाऊक असतात आणि उदाहरण सोपे निघेल याची तजवीज केलेली असते. पिनकोडात अशी तजवीज नाही. त्याला प्रश्न विचारावे लागतात आणि जे उत्तर येईल ते स्वीकारावे लागते.

एखादी मोठी पूर्ण संख्या हाती आली तर तिच्याविषयी काय काय विचारता येते, उत्तरे कशी मिळतात आणि त्यांवरून तिचा वर्ग कसा ठरतो, हा या पुस्तकाचा विषय आहे. ज्या शास्त्रात हे प्रश्न येतात त्याला अंकगणिताची वरची इयत्ता म्हणता येईल. विद्यापीठांत त्याला संख्या सिद्धांत म्हणतात. प्रश्न शाळकरी पोराला कळतील असे असतात. उत्तरे कधी दोन ओळींत मिळतात, तर कधी तीन शतके मिळत नाहीत.

आरंभीच एक भेद लक्षात घेतला पाहिजे, कारण पुढचे सगळे विवेचन त्यावर उभे आहे. काही गुण संख्येचे असतात आणि काही तिच्या लेखनाचे. ५०४३०७ मूळ आहे, ही गोष्ट ती देवनागरी अंकांत लिहा, तेलुगू अंकांत लिहा की संगणकाच्या द्विमान पद्धतीत ११११०११०००१११११००११ अशी एक आणि शून्यांची माळ करून लिहा, बदलत नाही. तिच्या अंकांची बेरीज १९ येते, ही गोष्ट मात्र दशमान पद्धतीपुरतीच खरी. द्विमानात या संख्येच्या रूपात एक हा अंक तेरा वेळा येतो, म्हणून तिथे बेरीज १३. व्यावसायिक गणितींनी पहिल्या प्रकारच्या गुणांना मान दिला आणि दुसऱ्या प्रकाराला करमणूक ठरवले. हा निवाडा बराचसा रास्त आहे, पूर्ण रास्त नाही. देवळालीच्या एका शाळामास्तरांचे काम पाहिले की तो कुठे तोकडा पडतो ते दिसते. त्याकडे पुढे येऊ.

पिनकोडाची रचनाही एक वर्गीकरणच आहे. भारतात ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव होते आणि त्याचबरोबर संस्कृतातले कवी व नाटककार. सहा अंकांतला पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, पहिले दोन मिळून टपाल परिमंडळ, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन टपाल कार्यालय. ५०४ म्हणजे आदिलाबाद. या भागाची सीमा बदलत आली आहे. जुन्या हैदराबाद संस्थानातल्या आदिलाबाद जिल्ह्याचे किनवट आणि राजुरा तालुके १९५६ साली मुंबई राज्यात गेले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात आला, २ जून २०१४ पासून तेलंगणात आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याचे चार जिल्हे झाले. पैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे मराठी, तेलुगू, गोंडी आणि उर्दू बोलणारी माणसे एकाच बाजारात भेटतात. राज्य बदलले तरी इचोड्याची संख्या बदलली नाही. तिच्या शेजारच्या दोन संख्या या पुस्तकात वारंवार येतील : आदिलाबाद शहराची ५०४००१ आणि उटनूरची ५०४३११. त्या दोन्हीही मूळ आहेत.

मोठी म्हणजे किती मोठी, याचे उत्तर हातातल्या साधनावर ठरते. कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्यासाठी सहा अंक पुरेसे मोठे आहेत. संख्या संयुक्त असेल तर तिचा एक तरी विभाजक तिच्या वर्गमुळाहून मोठा नसतो. ७१० चा वर्ग ५०४१००. म्हणजे ५०४३०७ चे वर्गमूळ ७१० हून किंचित जास्त. तेवढ्या टप्प्यात १२७ मूळसंख्या आहेत, त्यातली शेवटची ७०९. या सगळ्यांनी भागून पाहिले, एकानेही भाग गेला नाही, की संख्या मूळ. निवांत दुपारचे काम आहे. संख्येचे अंक दुप्पट झाले की मात्र कामही दुप्पट होईल अशी समजूत फसवी ठरते : बारा अंकी संख्येसाठी अठ्ठ्याहत्तर हजारांहून अधिक मूळसंख्यांनी भागावे लागू शकते. या एका गोष्टीमुळे मोठ्या संख्यांचे शास्त्र घडले आणि आजच्या बँकांचे व्यवहारही तिच्यावरच चालतात.

मूळसंख्यांचा पद्धतशीर विचार ग्रीकांनी केला. त्या अनंत आहेत हे युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास सिद्ध केले. एरॅटोस्थेनिसची चाळणी आजही शाळेत शिकवली जाते. ग्रीकांचे दुसरे वर्गीकरण विभाजकांच्या बेरजेवरून होते. स्वतःला वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज संख्येइतकी आली तर ती परिपूर्ण (६, २८, ४९६, ८१२८), कमी आली तर न्यून, जास्त आली तर विपुल. प्रत्येक मूळसंख्या न्यूनच असते, कारण ती बेरीज फक्त १ येते. पण ५०४३०७ च्या एक घर अलीकडची ५०४३०६ ही संख्या पाहावी. तिचे अवयव २ × ३ × ३ × ३ × ३ × ११ × २८३. तिला चाळीस विभाजक आहेत आणि स्वतःला वगळून त्यांची बेरीज ७३२७९८ येते, म्हणजे ती चांगलीच विपुल. शेजारी असणे आणि स्वभाव जुळणे यांचा संख्यांत काहीही संबंध नाही. बेरजेने पुढे सरकणाऱ्या ओळीत गुणाकाराने ठरणारे गुण असे बेभरवशाचे पसरलेले असतात, आणि संख्या सिद्धांतातले बहुतेक अवघड प्रश्न या विसंगतीतून निघाले आहेत.

भारतीय परंपरेने वेगळी वाट धरली. इथे आस्था समीकरणे सोडवण्यात आणि मोठ्या संख्या हाताळण्यात होती. परार्धापर्यंत, म्हणजे एकावर सतरा शून्यांपर्यंत, दशमान स्थानांना नावे होती आणि ती भास्कराचार्यांच्या ११५० मधल्या ‘लीलावती’त सलग येतात. आर्यभटापासून चालत आलेले कुट्टक गणित शेषांचेच गणित आहे : अमक्याने भागले तर इतके उरतात, तमक्याने भागले तर तितके, तर संख्या कोणती? चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याची नोंद त्यात मिळते. मूळसंख्यांवर या परंपरेने ग्रीकांइतका भर दिला नाही, हे मान्य केले पाहिजे. तरीही १३५६ मध्ये नारायण पंडिताने ‘गणितकौमुदी’त अवयव काढण्याची जी रीत दिली, ती फर्माच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रीतीच्या जवळपास तीन शतके आधीची आहे. संख्येत एखादा वर्ग मिळवून बेरीजही वर्ग येते का पाहायचे. ५०४०९९ मध्ये १ मिळवला की ७१० चा वर्ग होतो. म्हणून ती ७०९ × ७११. भागाकाराने अवयव शोधायला बसलेल्या माणसालाही इथे फार वेळ लागत नाही, कारण ७११ ला तीनाने भाग जातो आणि तो अवयव चटकन सापडतो. कोणती रीत कुठे जलद चालेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून रीती अनेक लागतात.

आधुनिक शास्त्र फर्मापासून सुरू होते. १६४० मधल्या पत्रांत त्याने दोन गोष्टी लिहिल्या. पहिली अशी की, प ही मूळसंख्या असेल आणि तिने भाग न जाणारी कोणतीही संख्या घेतली, तर त्या संख्येच्या (प उणे १) व्या घाताला प ने भागल्यावर १ उरतो. यावरूनच १ भागिले ५०४३०७ हा आवर्ती दशांश किती अंकांनी फिरून येईल याला मर्यादा पडते : त्या अंकांची संख्या ५०४३०६ चा विभाजक असलीच पाहिजे. दुसरी गोष्ट वर्गांच्या बेरजेची, आणि या पुस्तकातल्या तीन टपाल कार्यालयांनी तिला अनपेक्षित साथ दिली आहे.

कोणत्याही वर्गाला चाराने भागले तर ० किंवा १ उरतो. म्हणून दोन वर्गांच्या बेरजेला चाराने भागल्यावर ३ उरणे अशक्य. ५०४३०७ ला चाराने भागले तर ३ उरतात. म्हणजे ही संख्या दोन वर्गांची बेरीज नाही. शोधत बसण्याची गरजच नाही. आदिलाबादच्या ५०४००१ ला चाराने भागले तर १ उरतो. तेव्हा ती दोन वर्गांची बेरीज असायला हरकत नाही, एवढेच वरच्या युक्तिवादावरून म्हणता येते. फर्माने याहून पुष्कळ जास्त सांगितले : मूळसंख्येला चाराने भागल्यावर १ उरत असेल तर ती दोन वर्गांची बेरीज असतेच, आणि तीही एकाच प्रकारे. त्याची सिद्धता ऑयलरने १७४९ मध्ये पूर्ण केली. शोधल्यावर ते दोन वर्ग सापडतात : ४१५ चा वर्ग १७२२२५, ५७६ चा वर्ग ३३१७७६ आणि बेरीज ५०४००१.

इचोड्याला दोन वर्ग पुरत नाहीत, तीन पुरतात. ६९९ चा वर्ग ४८८६०१, १२५ चा १५६२५ आणि ९ चा ८१, बेरीज ५०४३०७. उटनूरला तीनही पुरत नाहीत. वर्गाला आठाने भागले तर ०, १ किंवा ४ उरतात; यांतले कोणतेही तीन घेतले तरी बेरजेचा शेष ७ येत नाही. ५०४३११ ला आठाने भागले तर नेमके ७ उरतात. चार वर्ग मात्र कोणत्याही संख्येला पुरतात, हे लाग्रांजने १७७० मध्ये सिद्ध केले. उटनूरसाठी ते शोधायलाही लागत नाहीत : इचोड्याच्या तीन वर्गांत २ चा वर्ग मिळवला की झाले. एकाच जिल्ह्यातली तीन कार्यालये, तिन्ही संख्या मूळ, आणि त्यांना अनुक्रमे दोन, तीन व चार वर्ग लागतात. यामागे टपाल खात्याची कसलीही योजना नाही. सहाशे-सातशे पिनकोड चाळले तर अशी जुळणी इतरत्रही मिळेल. शिकवायला मात्र यापेक्षा चांगले त्रिकूट मिळणे कठीण.

तीन वर्गांचा संपूर्ण नियम लझांद्र आणि गाउस यांच्याकडून आला. गाउसच्या १८०१ मधल्या ग्रंथाने शेषांची भाषा पक्की केली. दोन संख्यांचा फरक एखाद्या संख्येने निःशेष भागला जात असेल तर त्या दोन्ही त्या संख्येपुरत्या समशेष, ही कल्पना वरच्या परिच्छेदांत न सांगता वापरली आहे. आज ती मोठ्या संख्यांच्या वर्गीकरणाचे पहिले हत्यार आहे. गाउसनंतर हा विषय बीजगणिताच्या अंगाने फार खोल गेला. त्या शाखेची ओळख या पुस्तकात दारापर्यंतच आहे.

दुसरी मोठी शाखा एकेका संख्येचा विचार सोडून गर्दीचा करते. मूळसंख्या पुढे पुढे विरळ होत जातात, पण किती? पाच लाखांच्या आत ४१,५३८ मूळसंख्या आहेत. ५०४३०७ च्या परिसरात साधारण तेरा संख्यांमागे एक मूळ असते. हा आकडा त्या संख्येच्या नैसर्गिक लॉगॅरिदमइतका आहे आणि हा नियम सर्वत्र चालतो, हे आदामार आणि द ला व्हाले-पूसँ यांनी १८९६ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सिद्ध केले. सरासरीने तेराचे अंतर असताना इचोडा आणि उटनूर यांच्या संख्यांत फक्त चाराचे अंतर आहे. दोनाचे अंतर असणाऱ्यांना जोडमूळ संख्या म्हणतात. चाराचे अंतर असणाऱ्यांना चुलत म्हणण्याची प्रथा आहे. अशा चुलत जोड्या अनंत आहेत का, हे अजून सिद्ध झालेले नाही. २०१३ मध्ये यितांग झांग यांनी सात कोटींहून कमी अंतराच्या जोड्या अनंत आहेत असे दाखवले, आणि इतरांनी ते अंतर २४६ पर्यंत खाली आणले. तिथून चारापर्यंतची वाट सध्या बंद आहे.

मूळसंख्येच्या अगदी उलट टोकाला रामानुजनने १९१५ मध्ये अभ्यासलेल्या संख्या येतात. आपल्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा जिला जास्त विभाजक आहेत ती अतिसंयुक्त. इचोड्याच्या आसपास अशी ४९८९६० आहे. तिला २०० विभाजक आहेत. तिच्यानंतरची थेट ५५४४००. पिनकोडासारख्या आडवाटेच्या संख्येशेजारी हे उदाहरण ठेवले की दोन विभाजक आणि दोनशे विभाजक यांतले अंतर ध्यानात येते.

आता लेखनाच्या गुणांकडे. या शाखेचे सर्वांत मोठे नाव मराठी आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना, १९२७ मध्ये, त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत राहिले. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात जागा नाही. बरेचसे लेखन त्यांनी लहान पुस्तिकांतून प्रसिद्ध केले. देशातल्या प्रतिष्ठित गणितींनी त्याची फारशी दखल घेतली नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला हे नाव कळले. १९८६ मध्ये ते वारले.

त्यांची सर्वांत प्रसिद्ध संख्या ६१७४. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते. हा शोध १९४९ चा. सहा अंकांत इतकी शिस्त नाही. इचोड्याच्या संख्येवर ही क्रिया केली तर ७५४३०० उणे ००३४५७ म्हणजे ७५०८४३ येते. पुढे ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, ८५१७४२ आणि पुन्हा ७५०८४३. सात संख्यांचे हे चक्र कधी थांबत नाही, आणि इचोड्याची संख्या पहिल्याच पायरीला त्यात सापडते. सगळे अंक सारखे नसलेल्या सहा अंकी संख्यांपुढे तीनच मार्ग आहेत : हे चक्र, किंवा ५४९९४५, किंवा ६३१७६४. या सगळ्या संख्यांना नवाने भाग जातो, कारण त्याच अंकांच्या दोन संख्या समशेष असतात आणि त्यांच्या वजाबाकीत शेष नाहीसा होतो. एवढे कारण समजले की चमत्कार निम्मा होतो. ६१७४ मध्ये विश्वाचे रहस्य शोधणाऱ्यांनी हे समजून घ्यायला हवे होते. दशमान सोडून दुसऱ्या पद्धतीत लिहायला लागले की या संख्येचे हे स्थान उरत नाही.

कापरेकरांचे इतर वर्गही असेच अंकांवर आधारलेले आहेत. अंकांच्या बेरजेने संख्येला भाग गेला तर ती हर्षद. एकापेक्षा जास्त अंकांची मूळसंख्या हर्षद असूच शकत नाही. पण इचोड्याच्या अलीकडची ५०४३०६ हर्षद आहे, कारण तिच्या अंकांची बेरीज १८ आणि १८ × २८०१७ म्हणजे तीच संख्या. सलग किती संख्या हर्षद असू शकतात? वीस, एकवीस कधीच नाहीत, हे कूपर आणि केनेडी यांनी १९९३ मध्ये दाखवले. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून नवी संख्या काढली की पहिली तिची जनक होते. जिला जनकच नाही ती स्वयंभू. कापरेकरांनी अशांना आपल्या गावावरून देवळाली संख्या असेही म्हटले. ५०४३०७ स्वयंभू नाही. तिचा जनक ५०४२८४, कारण त्याच्या अंकांची बेरीज २३ आहे. डोंबिवली स्थानकाच्या डेमलो या जुन्या नावावरून त्यांनी आणखी एका वर्गाला नाव दिले. स्थानिक नावे गणितात कायमची रुजवणे युरोपीय गणितींनाच जमले होते. देवळालीच्या मास्तरांनीही ते केले.

या कामाला नुसती करमणूक म्हणणे कुठे चुकते, ते कापरेकर संख्यांत दिसते. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ म्हणजे ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९, आणि ४९४ अधिक २०९ म्हणजे ७०३. वर्ग तोडून त्याच्या तुकड्यांची बेरीज करणे ही वरकरणी अंकांची गंमत आहे. पण तीन अंकांवर तोडून बेरीज घेण्यात शेष बदलतो तो फक्त ९९९ च्या पटीने. तेव्हा अट अशी होते की, संख्येचा वर्ग आणि ती संख्या ९९९ ने भागल्यावर समशेष असाव्यात. म्हणजे संख्या आणि तिच्या एकाने अलीकडची यांच्या गुणाकाराला ९९९ ने भाग जावा. ९९९ म्हणजे २७ × ३७. आता २९७ ला २७ ने भाग जातो आणि २९६ ला ३७ ने. ७०३ ला ३७ ने भाग जातो आणि ७०२ ला २७ ने. दोन्ही संख्यांची बेरीज १००० येते ती याचमुळे. डग्लस इयानुची यांनी २००० मध्ये हा संबंध पूर्णपणे उलगडला : अशा सगळ्या संख्या ९९…९ रूपाच्या संख्यांच्या, परस्परांत सामाईक अवयव नसलेल्या विभाजकांतून निघतात. ज्या २७ आणि ३७ मुळे १ भागिले २७ हे ०.०३७०३७… आणि १ भागिले ३७ हे ०.०२७०२७… येते, तेच इथेही काम करतात. आवर्ती दशांशांवर कापरेकरांनी स्वतंत्र पुस्तिका लिहिली होती. लेखनाचा गुण म्हणून सुरू झालेली गोष्ट विभाजकांच्या गुणाशी जाऊन मिळते. सगळ्याच अंकक्रीडांचे असे होत नाही. ज्यांचे होते आणि ज्यांचे होत नाही त्यांत निवड करणे हे या पुस्तकाने आपले काम मानले आहे.

हा विषय आज जाणून का घ्यावा, याचे सर्वांत रोकडे उत्तर गुप्तलेखन हे आहे. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी जी पद्धत मांडली, तिच्यात दोन प्रचंड मूळसंख्यांचा गुणाकार जाहीर केला जातो आणि अवयव गुप्त राहतात. गुणाकार क्षणात होतो. उलटा प्रवास होत नाही. सध्याच्या सर्रास वापरातल्या किल्लीत अशी संख्या ६१७ अंकी असते. २०२० मध्ये २५० अंकी संख्येचे अवयव पाडले गेले, त्यालाही अनेक संगणक पुष्कळ काळ राबले. संख्या मूळ आहे का, हे ठरवणे मात्र त्यामानाने सोपे आहे. ते नेहमीच वाजवी वेळात ठरवता येते याची सिद्धता २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतून आली. मणिंद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांचे हे काम. अवयव माहीत नसताना संख्या संयुक्त आहे हे खात्रीने सांगता येते, ही गोष्ट नवख्या वाचकाला खटकते. ती खटकणे योग्यच आहे, आणि ती नीट समजावण्यासाठी पुस्तकात बरीच पाने खर्च केली आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली मूळसंख्या, २ चा १३,६२,७९,८४१ वा घात उणे १, चार कोटी दहा लाखांहून अधिक अंकांची आहे. तिचा व्यवहारात काही उपयोग नाही.

रोजच्या वापरातल्या क्रमांकांतही हे गणित दडलेले आहे. आधारच्या बारा अंकांतला शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून काढलेला तपासणी अंक असतो, त्यामुळे एखादा अंक चुकला तर यंत्राला लगेच कळते. पिनकोडाला असा तपासणी अंक नाही. ५०४३०७ ऐवजी ५०४३११ लिहिले तर ते तितकेच वैध ठरते आणि पत्र उटनूरला जाते.

मराठीत गणितावर लिहिण्याची परंपरा आहे, पण ती दोन टोकांना विभागलेली दिसते. एकीकडे परीक्षेची पुस्तके आणि दुसरीकडे ‘अंकांची जादू’ छापाची. पहिल्यांत कारण असते, कुतूहल नसते; दुसऱ्यांत कुतूहल जागे करून कारण सांगायचे राहून जाते. या पुस्तकात जिथे सिद्धता दोन पानांत मावते तिथे ती पूर्ण दिली आहे. जिथे मावत नाही, तिथे विधान नेमके लिहून ते कोणी आणि केव्हा सिद्ध केले एवढे सांगितले आहे. अजून सिद्ध न झालेले विधान सिद्ध झाल्यासारखे कुठेही मांडलेले नाही. शुभ-अशुभ अंक, जन्मतारखेची बेरीज, नावाची अक्षरे मोजणे यांना इथे जागा नाही. तो या विषयाचा भाग नव्हे. भूमितीशी आणि सदिश अवकाशांशी असलेले संख्या सिद्धांताचे नवे संबंधही वगळले आहेत. त्यांचे महत्त्व कमी नाही, पण दहावीपर्यंतच्या गणितावर ते उभे करता येत नाहीत आणि अर्धवट सांगण्यात अर्थ नाही.

उदाहरणे शक्यतो तीन टपाल कार्यालयांच्या संख्यांवरच घेतली आहेत. काही ठिकाणी त्यामुळे आकडेमोड लांबते. लहान संख्या घेऊन ती आटोपशीर करता आली असती, परंतु ७ आणि १३ वर शिकलेली रीत सहा अंकी संख्येपुढे कशी दमते हे मग कळत नाही. आठ अंक दाखवणारे साधे गणकयंत्र जवळपास सगळ्या पुस्तकाला पुरते.

वाचकाने पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी आपल्या गावचा पिनकोड कागदावर लिहावा आणि त्याचे शेवटचे तीन अंक आठाने भागून पाहावेत. ७ उरले तर त्या संख्येला चार वर्ग लागणारच. दुसरा शेष आला तर किती लागतील हे शोधण्याची रीत चौथ्या प्रकरणात आहे.